बोटीवाल्यांचं पत्र

१९६८ साली धरमतर खाडीकाठच्या आमच्या शाळेत न्यूझीलंडहून हेलनबाई दोन वर्षांच्या मुदतीवर आल्या. पगार घेत नसत. शाळा सुटली की ओट्यावर इंग्रजीचा वर्ग भरवायच्या. मिठागरावर राबणाऱ्यांची वीसेक पोरं त्याला बसायची. मी हेडमास्तर, पण माझं इंग्रजी जेमतेम. सगळ्यांत हुशार सातवीतली पुतळी. तिचा बाप शिवा परदेशी बोटीवर खलाशी, दोन वर्षांतून एकदा घरी यायचा. "बाबा आले की इंग्रजीतच बोलणार," असं ती सगळ्यांना सांगायची.

माघात एका दुपारी तिची आई बायजाबाई लिफाफा घेऊन माझ्याकडे आली. मिठागरावरून तशीच आलेली, पाय मिठाने पांढरे.

"गुरुजी, बोटीवाल्यांचा कागुद आलाय. वाचता काय?"

सगळं नाही, पण शिवाचं नाव आणि 'ड्राउन्ड' हा शब्द मला कळला. माझ्याच्याने बोलवेना. म्हटलं, "इंग्रजी अवघड आहे. हेलनबाईंना दाखवू."

वर्ग चालू होता. पत्र वाचता वाचता हेलनबाईंचा चेहरा उतरला. पुतळी उठून उभी राहिली.

"बाई, मी वाचू?"

"वाच गो," आई कौतुकाने म्हणाली.

"नको." हेलनबाई बायजाबाईसमोर जमिनीवर बसल्या, तिचे हात धरले. मराठी शब्द शोधत राहिल्या. सापडले ते एवढेच : "शिवा पाण्यात पडला. आता येणार नाही."

परक्या बाईचं मराठी, काहीतरी चुकलं असेल, असं बायजाबाईला वाटलं असावं. तिने लेकीकडे पाहिलं. पुतळीने पत्र घेतलं, एकेका शब्दावर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचलं. मग सांगितलं, वादळ होतं, बाबा लाटेबरोबर वाहून गेले, दोन दिवस शोधलं.

"गावला?"

"नाय, आये."

"परत वाच."

तिने परत वाचलं.

त्या संध्याकाळी मी हेलनबाईंपाशी खरं बोललो.

"तुम्हाला कळलं होतं? आणि तरी मुलीसमोर माझ्या हातात दिलंत?"

हेलनबाईंनी सावकाश इंग्रजीत विचारलं. त्यांनी वर्ग बंद केला. आठवडाभर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

मग एक दिवस बायजाबाईच पुतळीला घेऊन शाळेत आली. "बाई, कागुद लिवायचा हाय. कुठल्या पाण्यात गेला? कुणी हात तरी जोडले काय?"

पुतळीने आपल्या अक्षरात इंग्रजी पत्र लिहिलं. हेलनबाईंनी चुका तेवढ्या दुरुस्त केल्या. दुसऱ्या दिवसापासून वर्ग पुन्हा भरू लागला.

दोन महिन्यांनी कप्तानाचं उत्तर आलं. इंजिन थांबवून सगळे खलाशी उभे राहिले होते. रत्नागिरीकडच्या एकाने पाण्यात नारळ सोडला होता. जागाही कळवली होती. मी शाळेतला जगाचा नकाशा ओट्यावर पसरला. मादागास्करच्या पूर्वेला पुतळीने बोट ठेवलं. बायजाबाई तिथल्या निळ्या रंगावरून हात फिरवत राहिली.

"बायजाबाई," मी म्हणालो, "त्या दिवशी मला कळलं होतं. सांगायचा धीर झाला नाही."

तिने वर पाहिलं नाही. "बरं," म्हणाली.

पुतळी पुढे पेणच्या हायस्कुलात गेली. हेलनबाई मुदत संपल्यावर मायदेशी परतल्या. बायजाबाई रस्त्यात भेटली की विचारपूस करायची. पण त्यानंतर तिने कुठलाही कागद माझ्याकडे आणला नाही.