टिकलीचा कान

दर शुक्रवारी तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकली, की इब्राहीमचाचा टिकलीला ओढत अंगणात आणायचे आणि तिची तपासणी करायचे. आधी ओठ वर करून दात, मग डोळ्यांपुढून हात फिरवून नजर, मग शिंगं, खूर आणि शेवटी कान. कुर्बानीच्या जनावरात खोट चालत नाही. लंगडं नको, आंधळं नको, मुळातून शिंग मोडलेलं नको, तिसऱ्या हिश्श्याच्या वर कान कापलेला नको. हे सगळं ते मोठ्यानं म्हणत तपासायचे, जणू टिकलीकडूनच पाठ करून घेताहेत. टिकली काळीभोर, कपाळावर तेवढा पांढरा ठिपका. ती बिचारी त्यांच्या दाढीचा वास घेत उभी राहायची. तपासून झालं की चाचा तिच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "बेऐब हाय. खोट न्हाई." आणि मशिदीकडं निघायचे.

दाराआडून त्यांची सून रोशनबी हे बघत असायची. मांडीवर सात महिन्यांचा इस्माईल. दर शुक्रवारी तिच्या मनात एकच यायचं, सापडू दे काहीतरी, एखादा खूर तरी चिरलेला निघू दे. मग तिची तिलाच भीती वाटायची. अल्लाच्या नावानं काढून ठेवलेल्या जनावरात खोट मागायची म्हणजे काय. ती पोराला छातीशी धरायची, पोरगं चोखून बघायचं आणि किरकिरायला लागायचं, कारण तिथं काही नव्हतं.

दूध उन्हाळ्यातच आटलं होतं. मुदतीच्या तापानं ती महिनाभर अंथरुणाला खिळली, औशाच्या डॉक्टरच्या दवापाण्यात टिकलीची दोन्ही पिल्लं गेली, आणि ताप उतरला तेव्हा अंगात हाडं तेवढी राहिली होती. डब्यातल्या पावडरीचं दूध टँकरच्या पाण्यात कालवून पाजलं, तर पोराला जुलाब लागले. गावातल्या म्हशी कुणी विकल्या, ज्या उरल्या त्या आटल्या. तेव्हा शेजारच्या सरजाबाईनं टिकलीला धरून वाटीभर दूध काढलं, निम्मं पाणी घालून उकळलं आणि बोळ्यानं पोराला पाजलं. ते पचलं. सगळं शिवार करपलं तरी टिकली बाभळीच्या शेंगा खाऊन, बोरीचे काटे चघळून सकाळ-संध्याकाळ वाटीभर देत राहिली. त्या वाटीवर इस्माईल बसायला लागला होता.

आणि बकरी ईद दोन आठवड्यांवर आली होती.

मन्नत चाचांची. रोशनबीची आधीची दोन लेकरं जगली नव्हती. हे तिसरं झालं ते निळंसावळं, रडेना. सरजाबाईनं त्याला पायाला धरून उलटं केलं, पाठीवर चापट्या मारल्या. बाहेर अंगणात चाचा उभे होते. ते मोठ्यानं म्हणाले, हे लेकरू जगलं तर ह्या घरातली बकरी ह्या ईदला अल्लाच्या नावानं. तेवढ्यात पोरगं रडलं. अर्ध्या गल्लीनं दोन्ही ऐकलं. आपण इब्राहीम, तर नातू इस्माईलच, असं म्हणून नावही त्यांनीच ठेवलं.

घरात बकरी एकच होती. ती ह्या गावची नव्हे, नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची. दुसरं लेकरू गेलं तेव्हा रोशनबी माहेरी जाऊन राहिली होती. परत निघताना आईनं तिच्या ओटीत बकरीचं पिल्लू दिलं. म्हणाली, रिकाम्या मांडीनं नको जाऊस बाई. एसटीत कंडक्टरनं त्या पिल्लाचं अर्धं तिकीट फाडू का म्हणून थट्टा केली आणि कंधारपासून पहिल्यांदा रोशनबी हसली. लातूरला गाडी बदलून ती औशात उतरली, तोपर्यंत पिल्लू तिच्या पदरात झोपून गेलं होतं. टिकली हे नाव सरजाबाईनं ठेवलं, कपाळ बघून.

ऑगस्टात लातूरचा वेगळा जिल्हा झाला. मृगावर पेरलेलं तेव्हाच माना टाकून बसलं होतं. आता उस्मानाबादचे हेलपाटे संपले म्हणून गावात पेढे वाटले गेले, आणि पेढ्यांवर प्यायला पाणी नव्हतं म्हणून हसायलाही मिळालं. रोशनबीचा नवरा महेबूब चुनारंगाचं काम करायचा. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांना चुना द्यायचाय म्हणून मुकादम त्याला घेऊन गेला. ईदला येतो, एवढंच सांगून तो गेला. टिकलीचं काय, हे तिनं त्याला दोनदा विचारलं होतं. तो म्हणाला, अब्बांच्या शब्दापुढं मी काय बोलू.

आणि ती तरी काय बोलणार. सासऱ्याशी चारचौघांत समोरासमोर बोलायची त्या घरात रीत नव्हती. काही सांगायचंच झालं तर ती पोराकडं बघून सांगायची, "इस्माईल, दादांना सांग, भाकरी झाली." चाचाही पोरालाच उत्तर द्यायचे, "सांग, आलो." पोराला काही कळत नव्हतं तरी त्याच्यामार्फत घर बरं चाललं होतं.

दिवसभर तिचे पाय थांबत नसत. निंबाखालच्या आडात कळशी बुडत नव्हती, वाटीनं खरवडून पाणी भरावं लागे. तिथं नंबर लावायचा, तेवढ्यात शाळेपुढं टँकर आला अशी आवई उठायची, की पोराला कडेवर मारून तिकडं पळायचं. टँकर नसायचा. परत आडाकडं, तर नंबर गेलेला. नंबराला बसलेल्या बायकांना चाचा निंबाखाली बसून गोष्टी सांगायचे. त्यांची आवडती गोष्ट त्यांच्या नावाच्या पैगंबराची. इब्राहीम पैगंबरानं हाजराबीबीला आणि तान्ह्या इस्माईलला वाळवंटात सोडलं. पोरगं तहानेनं तडफडायला लागलं तशी ती माउली दोन टेकड्यांमध्ये धावत सुटली, इकडून तिकडं, तिकडून इकडं. शेवटी पोराच्या टाचेखालून पाणी फुटलं. पुढं तेच पोर मोठं झालं आणि बापाला हुकूम आला, सगळ्यात लाडकं ते दे. बापानं सुरी धरली आणि ऐन वेळी पोराच्या जागी मेंढा आला.

"भाऊ, ती धावली ते मला पटलं," सरजाबाई घागर पुसत म्हणायची. "पण तिला उन्हात सोडून गेले ते न्हाई पटलं."

"हुकूम होता, अक्का."

"बाईला सांगितलं होतं का हुकूम हाय म्हणून?"

चाचा हसायचे. हाजराबीबीनं विचारलं आणि हुकूम आहे म्हणताच ती गप राहिली, असं सांगायचे. सरजाबाई मान हलवायची. नंबराला उभी असलेली रोशनबी मात्र गोष्टीच्या पुढच्या भागावरच अडकून राहायची. सुरीच्या दिवशी बाप-लेक घरातून निघाले तेव्हा हाजराबीबी कुठं होती? तेव्हा तिनं विचारलं का? हे चाचांच्या गोष्टीत कधी येतच नसे.

गावची बकरं लिंबाजी चारायचा. रान संपलं तसा तो कळप लांब तेरणेच्या पात्रात न्यायला लागला. तिथं चार गावची बकरं एकाच डबक्यावर येत, मिसळत, आणि संध्याकाळी भांडणं होत. म्हणून लिंबाजीनं प्रत्येक घरच्या बकरीच्या कानाला खूण करायची ठरवली, कुणाला चीर, कुणाला खाच. जुनीच पद्धत. टिकलीपाशी मात्र तो थांबला. ही ईदची हाय, हिच्या कानाला न्हाई लावत, गळ्यात चिंधी बांधतो, म्हणाला.

चाचा निंबाखाली गेले होते, रोशनबी दारात उभी होती. तिच्या तोंडून कसं निघालं तिलाही कळलं नाही. "चिंधी सुटते, लिंबाजीदादा. कानच काप. चांगला मोठा काप."

लिंबाजीनं तिच्याकडं बघितलं, मग पोराकडं. मग त्यानं टिकलीचा कान धरला. टिकली एकदाच ओरडली. कानाचं टोक मातीत पडलं. तो गेल्यावर रोशनबीनं हळद आणून कानावर दाबली, आणि घाईत निम्मी हळद टिकलीच्या डोळ्यात गेली. त्या संध्याकाळी टिकलीनं दूध चोरलं. वाटी जेमतेम निम्मी भरली. पोरगं रिकामी वाटी चाटत राहिलं आणि रोशनबीला वाटलं, ही सजाच आहे.

दुसऱ्याच दिवशी शुक्रवार आला. ईदच्या आधीचा शेवटचा. रोशनबी पहाटेपासून घरात फेऱ्या मारत होती, चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. चाचांनी टिकलीला आणलं. दात झाले, नजर झाली, खूर झाले. कानाला हात लागला आणि ते थांबले.

त्यांनी लिंबाजीला बोलावलं. तो आला, खूण म्हणून कापला म्हणाला, रोशनबीचं नाव घेतलं नाही. सरजाबाई दूध काढायला म्हणून आलेली होती, ती पायरीवर बसली. चाचांनी दुसरा कान धरून बोटांनी मोजला, मग कापलेला मोजला, मग पुन्हा पहिला. दाराआड रोशनबीही त्यांची बोटं मोजत होती.

"तिसरा हिस्सा न्हाई भरत," चाचा म्हणाले. "बोटभरच गेलाय. चालतं."

लिंबाजीनं मान खाली घातली. त्याच्यानं मोठा कापवला नव्हता.

चाचा कानावरचा पिवळा थर बघत राहिले. "हळद कुणी लावली?"

चाचांची नजर दाराकडं वळली आणि तिथंच राहिली. त्यांना कळलं हे रोशनबीला कळलं. आता गप बसायला काही उरलंच नाही. ती पोराला घेऊन उंबऱ्याबाहेर आली. पदर पुढं ओढलेला, नजर पोराच्या तोंडावर.

"इस्माईल, दादांना इचार. सुरी घेऊन निघाले त्या दिवशी हाजराबीबीला कुणी इचारलं होतं का?"

चाचा पोराकडं बघत राहिले. पोरगं आजाला बघून हात पुढं करत होतं.

"दादांना सांग," ती पुढं म्हणाली, आणि आवाज फाटला तरी थांबली नाही, "दात बघितले, खूर बघितले, कान मोजले. बकरी कुणाची हाय ते न्हाई बघितलं. माझ्या मायनं दिलेली हाय ती. माझ्या मांडीवर आलेली. मन्नत करताना मी आतच होते. भिताडापलीकडं."

लिंबाजी निघाला. सरजाबाईनं त्याला धोतराला धरून खाली बसवलं. "बस गप. साक्षीला कुणी नको का."

चाचांनी टिकलीचा कान सोडला. गावात कुर्बानीचं जनावर कुणाचंही असो, दाखवायला ह्यांच्याकडंच आणायचे. चोरीचं चालत नाही, उसनं चालत नाही, मालकाला न विचारता चालत नाही, हे त्यांनीच कितीजणांना सांगितलेलं. घरातली बकरी म्हणजे आपली, सुनेचं ते घराचं, ह्याच्यापुढं त्यांचा विचार कधी गेलाच नव्हता. ते खाली बसले, मातीतच. धुतलेल्या कपड्यांचंही भान राहिलं नाही.

ते बोलले, तेही पोराकडंच बघून. "सांग तुझ्या अम्मीला, जे आपलं न्हाई त्याची मन्नत होत न्हाई. हे मला ठावं होतं." मग त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच सरळ तिच्याकडं बघितलं. "कान कापायचं काम नव्हतं, बेटी. तोंड उघडायचं होतं. आता मी इचारतो. देतीस का?"

असं विचारतील हे तिला ठाऊक नव्हतं. विचारल्यावर उत्तरही आपल्यालाच द्यावं लागतं, हे तिनं धरलंच नव्हतं. समोर म्हातारा मातीत बसलेला. त्यानं ज्याच्यासाठी शब्द दिला ते पोरगं कडेवर जिवंत, तिच्या पदराशी चाळा करणारं. नाही म्हणावं तर कुणाला नाही म्हणतोय आपण? टिकली हळद लागलेला कान झटकत चाचांच्या दाढीकडं निघाली, दर शुक्रवारसारखी.

"न्हाई," रोशनबी म्हणाली. पोराकडं न बघता म्हणाली.

चाचांनी मान हलवली. पाठीवर थाप मारायला हात उचलला, मग तो तसाच मागं घेतला. परक्याच्या जनावराला विचारल्याशिवाय हात लावू नये, तसा.

"भाऊ," सरजाबाई म्हणाली, "जिल्हा झाला तुमचा लातूर. बकरी नांदेडची. तिच्यावर तुमचा हुकूम चालायचाच न्हाई."

लिंबाजी हसला. चाचाही हसले, पण उशिरा, आणि उठून कपडे झटकत मशिदीकडं निघाले. वेशीपर्यंत त्यांची पाठ दिसत होती. आज ती वाकलेली वाटली. अल्लाला काय सांगायचं, ह्याची जुळवाजुळव चालली असावी.

ईदला महेबूब आला, नखांत चुना घेऊन. कुर्बानीची सुरी फळीवरच होती. अब्बा काही बोलले नाहीत म्हणून तोही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चाचांनी ती सुरी काढली, काठीच्या टोकाला बांधली आणि बाभळीच्या उंच फांद्या छाटत राहिले. शेंगांचा ढीग टिकलीपुढं टाकून म्हणाले, "इस्माईल, अम्मीला सांग, हिला पिल्लं झाली की मी पुन्हा इचारीन."

रोशनबी दूध काढत होती. पुन्हा विचारतील, तेव्हा काय सांगायचं, हे तिला अजून ठरवता येत नव्हतं. धारा वाटीत पडत होत्या. तिनं डावा हात वर नेऊन टिकलीचा कापलेला कान हळूच चाचपला. खपली धरली होती.