खोलगट मैदान

"अण्णा, सापडली का चूक?" कावेरीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"स्वल्प थांब की. बघतोय," गुरुप्रसाद म्हणाला.

जेवणाच्या टेबलावर तिचा नकाशा पसरला होता. बनशंकरीतल्या त्यांच्याच वस्तीचा. मधलं मैदान जरा खोल करायचं, म्हणजे मोठ्या पावसाचं पाणी तिथं थांबेल आणि सावकाश मुरेल. रस्त्याच्या कडेनं झाडं. आणि पावसाचं पाणी नेणाऱ्या मोठ्या नाल्याचा सिमेंटचा तळ फोडून तिथं गवत. तो तळ गुरुप्रसादनं पालिकेत लागल्यावर, ऐन तारुण्यात, उन्हात उभं राहून घालून घेतला होता.

धाकट्या बहिणीनं नकाशा सगळ्यांत आधी त्यालाच दाखवला होता. पाण्याचं गणित अण्णाइतकं कुणाला कळत नाही, असं ती मानायची. तो सकाळपासून एकेक उतार तपासत होता. चूक असावी, अशी त्याची इच्छा होती. चूक नव्हती.

"पाणी मुरतं म्हणजे कसं गं?" आत आईनं विचारलं. कावेरीनं परातीतल्या पिठात बोटानं खळगा केला, त्यात पाणी सोडलं आणि सांगू लागली. आई वाकून बघत होती. गुरुप्रसादला ते टेबलावरून दिसत होतं. जेवलास का, दमलास का, हे आईनं त्याला नेहमी विचारलं. नाला कसा वाहतो, हे कधीच नाही.

त्यानं नकाशा गुंडाळला. "चालेल."

"नुसतं चालेल?"

"सरी आहे म्हटलं ना! ठीक आहे सगळं."

पुढच्या आठवड्यात पेपरात योजनेची बातमी आणि कावेरीचा फोटो आला. शेजारचे भीमाचार्य फाटकातूनच ओरडले, "गुरुप्रसाद, बहिणीनं नाव काढलं हो तुमचं!" तो हसला. आत येऊन त्यानं पेपर घडी न करता तसाच रद्दीत टाकला.

देवळाच्या हॉलमध्ये वस्तीची सभा भरली. कावेरी चांगली बोलली, पण लोक चुळबुळत होते. शेवटी भीमाचार्य उठले. "मैदानाचं तळं झालं तर डास होणार. गुरुप्रसाद, तुम्ही इंजिनियर. तुम्ही सांगाल ते आम्ही ऐकू."

कावेरीनं वळून त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा सैल झाला. आता अण्णा बोलणार, म्हणजे झालंच. ती निर्धास्त नजरच त्याला बोचली. हेसुद्धा तिनं गृहीतच धरलं होतं.

"पाणी दिवसभरात मुरेल, असं कागदावर आहे," तो उभा राहून म्हणाला. "कागदावर. तिथं मुलं खेळतात. उद्या काही झालं तर मला विचारू नका."

एवढं पुरलं. विरोधात हात वर झाले, योजना पडली.

पायऱ्यांवर तिनं त्याला गाठलं. "घरी काही बोलला नाहीस, अण्णा."

"तेव्हा सुचलं नाही."

"सरी," ती म्हणाली आणि रिक्षाला हात केला. त्यानंतर दर रविवारी घरी जेवायला येणं तिनं बंद केलं.

"कावेरी का येत नाही रे?" आई विचारायची.

"काम असेल."

होसकोट्याच्या एका नव्या वसाहतीनं तिची योजना उचलली. नाल्याचा तळ शाबूत राहिला, तरी गुरुप्रसादला गोड लागेना. पुढच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस झाला. त्याच्या नाल्यानं पाणी धडधडत नेलं आणि उताराच्या वस्तीतल्या घरांत घातलं. इकडचे रस्ते कोरडे होते, म्हणून इकडे कुणी काही म्हणालं नाही.

सकाळी तो घरी न सांगता होसकोट्याच्या बसमध्ये बसला.

तिथलं मैदान पाण्यानं भरलेलं होतं. भोवतीचे रस्ते धुतल्यासारखे स्वच्छ. तो काठाकाठानं चालत राहिला. कुठं गाळ साचलाय का, कुठं बांध खचलाय का, पाहत. आपण पुन्हा चूकच शोधतोय, हे ध्यानात आल्यावर तो थांबला.

पलीकडे गमबूट घातलेली कावेरी चार बायकांना काही दाखवत होती. तिनं त्याला पाहिलं. बोलणं पुरं करून आली.

"पाणी बघायला आलास?"

"हं."

"बघ सावकाश. चहा सांगू?"

पाहुण्याला विचारावं तसं विचारलं तिनं. त्यानं नको म्हणून मान हलवली. मग म्हणाला, "घरी ये एकदा. आई सारखी विचारते, का येत नाही म्हणून."

"आईशी मी रोज बोलते, अण्णा. सभेत काय झालं ते तिला त्याच दिवशी सांगितलं होतं."

बायकांनी हाक मारली. "येते," म्हणून ती गेली.

गुरुप्रसाद काठाच्या दगडावर बसला. परतीची बस येऊन गेली, तरी उठला नाही. समोरचं पाणी दिसेल न दिसेल असं उतरत होतं. कडेचं गवत चिखलात आडवं झालं होतं. ऊन वाढलं तसं त्यातलं एखादं पातं सुटून वर येत होतं.