रेघेच्या आतलं पाऊल

मुलीच्या पायांची बोटं आत वळायला लागली, तेव्हा फुकटचे सल्ले देणाऱ्यांचं पेवच फुटलं. शेजारीण म्हणाली, "खाण तशी माती. तुमचेच पाय बघा की!" इस्त्रीवाल्याने बघितले. दिवसभर टेबलापाशी उभं राहून पावलं पार फताडी झाली होती, पण बोटं सरळ होती.

शेवटी तो तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. "जन्मतःच असं होतं? कधी पडली, लागलं? घराण्यात कुणाला?" सगळ्याला त्याने नाही म्हटलं. मग बाईंनी मुलीचा बूट उचलून आत हात घातला.

"अहो, हा केवढासा! काखेत कळसा नि गावाला वळसा. बोटं मुडपून घालते ती."

तो ओशाळला. मोठे बूट त्याने केव्हाच आणले होते. ते खाटेखाली तसेच पडून होते. रंग आवडला नसेल म्हणून तो गप्प बसला होता. विचारायला काय जीभ झडली असती? पण घरात माणसं दोनच, आणि दोन्ही मुखदुर्बळ.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "एवढं दुखत होतं, तर ते जुने बूट का घालायचीस?"

मुलीने खिडकीखालच्या फरशीकडे बघितलं. तिथे तेलखडूने काढलेली तिच्याच पावलाची रेघ होती. परगावी कामाला जाताना आईने काढलेली. "तुझं पाऊल या रेघेबाहेर जायच्या आत मी परत येते," असं ती म्हणाली होती.

"अजून मावतं," मुलगी म्हणाली आणि बोटं मुडपून तिने पाऊल रेघेत ठेवून दाखवलं.

आपण आता परत येणार नाही, हे तिच्या आईने फोनवर इस्त्रीवाल्याला केव्हाच सांगितलं होतं. मुलीला सांगायचा धीर त्याला झाला नव्हता.

तो खाली बसला. त्याने अंगठ्याने तिचं एकेक बोट हळूच सरळ केलं. बोटं रेघेबाहेर आली.

"आई नाही येणार, बाळा. पण ते पाऊल वाढलं म्हणून नव्हे. तू वाढू दे त्याला."

ती रडली नाही. "तुला माहीत होतं, बाबा?"

"होतं."

"मग फरशी पुसताना तू रोज एवढीच जागा का सोडायचास?"

इस्त्रीवाल्याने एका हाताने ती रेघ झाकली, जणू आताही कुणी ती पुसून टाकेल. तो तिचं पाऊल धरून तसाच बसून राहिला.