माईक चालूच होता

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. प्रार्थनेच्या सभागृहातल्या कपाटात, खालच्या कप्प्यात, एका कापडी पिशवीत पडून असतो. माझी जाळी एका बाजूला चेपली आहे. मला डोळे नाहीत. माणसं मी आवाजावरून ओळखतो.

नवा होतो तेव्हा माझा तोरा काय सांगावा! दर आठवड्याला बुवा माझ्यातून प्रवचन करायचे. वायरी सांभाळणारे मामा त्यांना चिडवायचे, "बुवा, लोक येतात तुमच्यामुळे, पण त्यांना ऐकू येतं ते आमच्यामुळे!" मी फुलून जायचो.

प्रवचन संपलं की खट्, खट् असा आवाज जवळ यायचा. ती चिमणी, शिंपीणबाईंची मुलगी. तिचा एक पाय जन्मापासून अधू, म्हणून त्याला लोखंडी पट्टी. शेवटचं भजन तीच म्हणायची. माझ्यावर धूळ बसू नये म्हणून ही पिशवी तिच्या आईनेच शिवली.

एकदा बुवांनी विषय घेतला, माणसाला दुःख का भोगावं लागतं. बोलता बोलता ते रंगात आले. "पेरावं तसं उगवतं! कुणी आंधळा जन्मतो, कुणी लंगडा. मागच्या जन्मीचं पाप कुणाला चुकलंय? देव उगाच शिक्षा देत नाही!"

"वा, बुवा!" पुढच्या रांगेतून दाद आली. मी प्रत्येक शब्द पार अंगणापर्यंत खणखणीत पोचवला.

खट्, खट्. चिमणी आली, पण गायली नाही. तिने हळूच विचारलं, "बुवाआजोबा, मी मागच्या जन्मी काय केलं होतं?"

मी चालूच होतो. तिचा प्रश्न चारही भिंतींवर आदळून परत आला. "चल गं, घरी," शिंपीणबाई म्हणाल्या. मामांनी धावत येऊन बटण दाबलं, तेव्हा उशीर झाला होता.

त्यानंतर ती खट्, खट् बंदच झाली. मामांनी बुवांना सुचवलं, "घरी जाऊन माफी मागा की. चारचौघांत शोभा कशाला?"

"जखम चारचौघांत केली, मामा. मग मलम काय मागच्या दाराने नेऊ?"

बुवा स्वतः जाऊन मायलेकींना घेऊन आले. भरल्या सभेत त्यांनी मला हातात धरलं आणि स्वतःच बटण दाबलं.

"मला लाज वाटते," ते म्हणाले. "कर्माचा नियम मी मानतो. पण तो स्वतःकडे बघण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या पायाकडे बोट दाखवण्यासाठी नाही. या लेकराला दुःख का, ते मला ठाऊक नाही. देव मात्र दुःख देऊन लांब उभा राहत नाही. तो हिच्याबरोबर पायरी पायरी चढतो. त्या दिवशीही तो हिच्याजवळ होता. मीच नव्हतो. चिमणे, तू काही केलं नव्हतंस. केलं ते मी."

खट्, खट्. ती जवळ आली. तिचा श्वास माझ्या जाळीवर जाणवला.

"आज नको," ती म्हणाली आणि आईजवळ जाऊन बसली.

पुढे नवा माईक आला आणि मी कपाटात गेलो. दाराच्या फटीतून कधीकधी ऐकू येतं. आधी खट्, खट्, मग सूर. ती गाते, पण माझ्यातून नाही. आणि मी तिच्या आईने शिवलेल्या पिशवीत तोंड लपवून असतो.

मित्रांनो, दुःखावर बोलण्याआधी समोर कोण बसलंय ते बघा. मला डोळे नव्हते. तुम्हाला आहेत.