बिनफुलीची चौकट

मी एक जुनी चौकट आहे. खिडकीची नव्हे, फोटोचीही नव्हे. वेबपाने तयार करण्याच्या एका सॉफ्टवेअरमध्ये मी राहते. कुणी पानावर चित्र टाकले, की मी टुणकन समोर येते आणि विचारते, "या चित्रात काय आहे? ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी लिहा." उत्तर मिळेपर्यंत मी हलत नाही. मित्रांनो, इतर चौकटींच्या कोपऱ्यात फुली असते. ती दाबली की त्या बिचाऱ्या गुमान जातात. मला फुलीच नाही. यापायी मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत आणि त्यातली एकही मला लागलेली नाही.

मला घडवणारी प्रोग्रामर बाई हट्टी होती. तिचे साहेब रोज टेबलाशी येऊन म्हणत, "अहो, फुली द्या तिला. लोक वैतागतील."

"वैतागू देत. वैतागून का होईना, लिहितील."

"आणि नाहीच लिहिलं तर?"

"तर चित्र चढणार नाही."

तिने आणखी एक काम केले. माउसला हात न लावता, नुसत्या कळा दाबून सगळे सॉफ्टवेअर चालेल अशी सोय केली. "हे कोण वापरणार?" म्हणून सगळे तिला हसले. तिने तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. मी तिच्यावरच गेले आहे.

पुढे मी एका पाणीपुरवठा कार्यालयात आले. तिथली वेबपाने एका कारकुनाकडे होती. सगळे त्यांना दादा म्हणत. माणूस पापभीरू, पण सदा घाईत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे चारही कोपरे धुंडाळले. फुली सापडेना, तेव्हा त्यांना युक्ती सुचली. त्यांनी माझ्यात नुसते एक टिंब ठेवले. काहीतरी लिहिलेले मिळाले की मला वाट सोडावी लागते, आणि टिंबही लिहिलेलेच. मी दातओठ खात बाजूला झाले. पाच वर्षांत दादांनी दोनशे चित्रे चढवली आणि दोनशे टिंबे दिली. कार्यालयाचे साहेब म्हणत, "दादांचा हात काय चालतो!" ते कौतुक ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होई.

खालच्या मजल्यावर फोनवाल्या ताई बसत. त्यांना जन्मापासून दिसत नव्हते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज एका कानाला आणि लोकांचा फोन दुसऱ्या कानाला, असे त्या अकरा वर्षे काम करत होत्या. पाणी कधी येणार, हे साऱ्या शहराला त्याच सांगत. पानावरची टिंबवाली चित्रे त्यांनी इतकी ऐकली होती, की ती नुसती शोभेची असतात असे समजून त्या पुढे जात.

एके दिवशी मोठी जलवाहिनी फुटली. "दोन दिवस पाणी येणार नाही" ही सूचना दादांनी रंगीत चित्रात लिहून पानावर चढवली. माझ्यात मात्र नेहमीचेच टिंब. ताईंच्या कानात आवाज म्हणाला, "चित्र. टिंब." दिवसभर त्या लोकांना सांगत राहिल्या, "काही बदल नाही, पाणी नेहमीच्या वेळेला येईल." कुणी भांडी भरून ठेवली नाहीत. दुसऱ्या दिवशी लोकांनी कार्यालय डोक्यावर घेतले. साहेबांनी फर्मान सोडले, "ताईंना उद्यापासून लिफाफे चिकटवायला बसवा. फोन काही त्यांना झेपत नाही."

चूक टिंबाची आणि शिक्षा ताईंना! माझा नुसता संताप झाला.

ताई लिफाफ्यांकडे गेल्याच नाहीत. काठी टेकत जिना चढून थेट दादांच्या टेबलाशी आल्या. त्यांना अडवायला साहेबही मागोमाग आले.

"दादा, उठा जरा. मला तुमच्या खुर्चीत बसू द्या."

"अहो ताई, तुम्हाला कसं जमेल?"

"ते मी बघते."

त्यांनी दोन कळा दाबल्या आणि संगणकातला वाचणारा आवाज जागा केला. तो तिथे आहे, हे दादांना पाच वर्षांत ठाऊक नव्हते. मग टकटक करत, माउसला बोटही न लावता, ताई माझ्यापर्यंत पोहोचल्या. आजवर सगळे मला टाळायलाच आले होते. मला शोधत आलेल्या त्या पहिल्याच. मित्रांनो, मला रडूच आले असते, पण मी पडले चौकट.

आवाज खणखणीत म्हणाला, "या चित्रात काय आहे? टिंब."

"ऐकलंत साहेब? पानानं मला एवढंच सांगितलं."

दादा चाचरले. "पण ताई, चित्रात सगळं ठळक लिहिलं होतं."

"कुणासाठी ठळक?"

ताईंनी टिंब पुसले. दादांनी मान खाली घालून सूचना वाचली आणि ताईंनी ती माझ्यात शब्दन्‌शब्द भरली.

साहेब खाकरले. "ठीक आहे ताई. जा, बसा तुमच्या फोनवर. झालं गेलं विसरून जा."

"अजून एकशे नव्याण्णव टिंबं आहेत. ती निघाल्याशिवाय मी या खुर्चीतून उठत नाही. दादा, पुढचं चित्र. काय दिसतंय?"

दादांनी ते चित्र प्रथमच नीट पाहिले. "साहेब नव्या टाकीची फीत कापताहेत. आणि... कात्री उलटी धरलीय."

"ते लिहायलाच हवं का?" साहेब म्हणाले.

"दिसतंय ना? मग लिहायचं." ताईंची बोटे थांबली नाहीत. "आणि साहेब, खाली फोन वाजतोय. तोवर तुम्ही घ्या."

साहेब खरोखरच खाली गेले.

आज दोनशे चित्रांच्या दोनशे ओळी माझ्या पोटात आहेत, उलट्या कात्रीसकट. ताई फोनवर आहेत आणि लिफाफे दुसरेच कुणी चिकटवते. आता कानावर येते आहे, की नवे सॉफ्टवेअर येणार आणि त्यातल्या चौकटीला फुली असणार. येऊ द्या. मी काही कुणापुढे हात जोडणार नाही. मित्रांनो, उद्या तुम्हीही पाने कराल, चित्रे टाकाल. माझी कीव करू नका, फक्त एक खरी ओळ लिहा. आणि फुली दाबण्याचा फारच मोह झाला, तर आधी डोळे मिटा, तुमचेच पान एकदा नुसत्या कानांनी ऐका, आणि मग पाणी कधी येणार ते मला सांगा.