आतून डाग

"आजपासून आपल्या गावातून अंधश्रद्धा कायमची हद्दपार झाली आहे," असं मल्लिकार्जुन गुरुजींनी ग्रामसभेत जाहीर केलं, तो दिवस गावाच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्याजोगा होता. पण तेवढ्यात गुरुजींना धाप लागली आणि पुढचे मुद्दे राहिले ते राहिलेच.

त्याच दिवशी त्यांनी भुजंगची सळई जप्त केली होती. माणसाचं पोट दुखो की बैल लंगडो, भुजंग ती चुलीत लाल करून डाग द्यायचा.

पुढं दमा इतका वाढला, की गुरुजींचं एकेक वाक्य दोन हप्त्यांत येऊ लागलं. पंप, गोळ्या, सगळं चालू असूनही भागेना. शेवटी हैदराबादच्या डॉक्टरांनी उपाय सुचवला. तोंडातून बारीक नळी फुप्फुसात सोडायची आणि तिच्यातल्या तारेनं श्वासनळ्यांना आतून शेक द्यायचा. तीन खेपांत.

"म्हंजे डागणारच की वो," चन्नबसम्माबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"डाग नाही. शेक." गुरुजींनी श्वास गोळा केला. "पण भुजंगला... सांगू नको."

नळीची भीती त्यांना नव्हतीच. बाईंनीही शब्द पाळला. भुजंगला काही सांगितलं नाही, फक्त पिठाच्या गिरणीत सांगितलं.

तिन्ही खेपा उरकल्या. आधी खोकला वाढला, मग हळूहळू उतरला. एका सकाळी भुजंग ओसरीवर येऊन बसला.

"गुरुजी, आतून डाग दिले म्हनं."

गुरुजी उठून उभे राहिले. श्वासनळीभोवतीचा स्नायू जाड होऊन कसा आवळतो, मोजून दिलेल्या उष्णतेनं तो कसा कमी होतो, ही ऊब गरम चहापेक्षा जास्त कशी नसते, हा उपाय सगळ्यांना का चालत नाही आणि पंप तरीही का सोडायचा नाही, हे त्यांनी सांगितलं. त्याला जोडून ग्रामसभेतले राहिलेले मुद्देही सांगितले. मध्ये कुठंही थांबले नाहीत. चन्नबसम्माबाई पिठाचे हात तसेच धरून दारात ऐकत राहिल्या.

"लय दिवसांनी सबंद बोललात, गुरुजी," भुजंग म्हणाला. "बरं वाटलं."

"पण पटलं का?"

"पटलं की. तुमचं निराळं, आमचं निराळं." भुजंगनं चपला पायात सरकवल्या. "मंग आमची सळई तेवढी वापस द्या."

"कशाला?"

"डागायला न्हाई वो. आमची बायकू चतुराबाई चुलीतले निखारे वढायला मागायलीय."