बादलीत हात घालू नका

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. जवळ यायचंच असेल तर आधी प्लग काढा. मी कूलरमधला पाण्याचा पंप. जुना आहे, मुठीत मावेन एवढाच आहे. माझं कुणी कौतुक करू लागलं तर लगेच भुलू नका.

माझी निम्मी हयात जुळे सोलापुरातल्या गंगाधरकाकांच्या घरी गेली. काका कचेरीत कारकून, प्रभाकाकू घर सांभाळायच्या आणि भार्गवी त्यांची एकुलती एक लेक. त्यांच्या पत्र्याच्या कूलरमध्ये मी तळाशी पाण्यात बसायचो आणि वरच्या गवतावर पाणी चढवायचो. सोलापूरचा उन्हाळा काय सांगू! दुपारी फरशीसुद्धा चटका देते. मी घरघर सुरू केली की सगळं घर कूलरपुढे येऊन लोळायचं. "हा आहे म्हणून जिवंत आहोत," असं काका पाहुण्यांना सांगायचे. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पुढे पत्रा गंजला आणि कूलर भंगारात गेला. मला मात्र काकांनी माळ्यावर टाकलं. तिथे एका उंदराने माझी वायर कुरतडली. आतली तांब्याची तार उघडी पडली. आता आपण पाण्यात जायच्या लायकीचे राहिलो नाही, हे मला तेव्हाच कळलं. पण मला विचारतो कोण?

मग भार्गवी मोठी झाली. ती संगणकावर हलती चित्रं बनवायची. पुण्याच्या एका कंपनीने नोकरीसाठी तिला एक काम करून पाठवायला सांगितलं होतं. पण मे महिन्यात संगणक तापून मध्येच बंद पडायचा. शेवटी तिने ठरवलं, याला पाण्याने गार ठेवायचं. तयार सामान परवडणारं नव्हतं, म्हणून सगळं घरीच जुळवलं. गॅरेजमधून जुना छोटा रेडिएटर आणला, प्लास्टिकच्या नळ्या आणल्या, प्रोसेसरवर बसवायला तांब्याचा पोकळ ठोकळा मागवला. बादलीतलं पाणी ठोकळ्यातून जाणार, उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये निवणार आणि परत बादलीत येणार. पोरगी हुशार, शंकाच नाही. फक्त पाणी फिरवणारा कुणीतरी हवा होता.

"बाबा, कूलरचा पंप कुठाय?"

"माळ्यावर बघ की. चालू असेल अजून."

वायर तिला दिसली होती बरं का. "बाबा, ही बदलायला पाहिजे," ती म्हणाली.

"बदलू की. आज टेप मार, रविवारी नवी आणतो."

तिने काळी टेप गुंडाळली आणि मला बादलीत सोडलं. रविवार आला आणि गेला. माझा आणि संगणकाचा प्लग एकाच लांब वायरीच्या एक्स्टेंशन बोर्डात होता. त्या बोर्डाच्या प्लगची जाड तिसरी पिन काकांनी कधीचीच पकडीने मोडली होती, कारण ती भिंतीतल्या जुन्या सॉकेटात बसत नव्हती. भरकटलेली वीज जमिनीत जाते ती त्याच पिनेच्या वाटेने. ती वाट मोडली, तेव्हा प्लग झकास बसला म्हणून काका खूश झाले होते.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. भार्गवीने बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणलं होतं. त्यात क्षार नसतात, त्यामुळे वीज सहजी पसरत नाही. संगणक गार पडला. शेजारी बघायला आले, "लई डोकं आहे पोरीला" म्हणाले. मीही फुशारलो.

पण उघड्या बादलीतलं पाणी उन्हाळ्यात आटायचंच. एका सकाळी काकूंनी ते पाहिलं आणि पिंपातलं बोअरचं पाणी तांब्या तांब्याने ओतलं. कूलरमध्ये त्या वर्षानुवर्षं असंच ओतत आल्या होत्या. "भार्गवी, तुझ्या मशीनला पाणी घातलं गं!" भार्गवीच्या कानात हेडफोन होते. "बरं झालं आई," ती म्हणाली. काय ऐकलं होतं कुणास ठाऊक.

क्षाराचं पाणी टेपच्या आत झिरपलं आणि उघड्या तारेला भिडलं. तेव्हापासून मला भीती वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी संगणकाचा डबा पुसताना काकू दचकल्या. "अगंबाई! हाताला मुंग्या आल्या."

"अर्थिंग नसलं की येतात थोड्या. सगळ्या कॉम्प्युटरना असतं असं," भार्गवी म्हणाली.

"कूलरला पण यायच्या की," काका म्हणाले. "स्लीपर घालून हात लावायचा, झालं!"

झालं म्हणे! अरे, पाण्यात वीज उतरली आहे आणि तुम्ही चपलांचे कसले नियम करता? डब्यापर्यंत पोहोचत होती ती बारीक नळीतून आलेली, उरलीसुरली वीज. बादलीत तर मी स्वतः होतो. मी जीव तोडून ओरडत होतो, पण माझं ओरडणं म्हणजे नुसती घरघर.

काम पाठवायच्या दिवशी दुपारी ऊन नुसतं पेटलं होतं. पाणीही कोमट झालं. पडद्यावर तापमानाचा आकडा लाल झाला. "बादलीत बर्फ टाकायला पाहिजे, आपला एक ट्रे पुरायचा नाही," म्हणत भार्गवी शेजारच्यांच्या फ्रीजमधला बर्फ आणायला पळाली. काका नुकतेच दुसऱ्यांदा अंघोळ करून आले होते. अंग ओलं, पाय अनवाणी. लेकीला मदत व्हावी म्हणून त्यांनी आपल्याच फ्रीजमधला बर्फाचा ट्रे काढला. बर्फ ट्रेला घट्ट चिकटला होता. म्हणून ते ट्रे हातात धरून पाण्यात बुडवायला वाकले.

नका हो काका, नका! काय करू मी? मला हात नाहीत, तोंड नाही.

त्यांचा हात मनगटापर्यंत पाण्यात आला आणि तिथेच आवळला गेला. तोंडातून शब्द फुटेना. काकू स्वयंपाकघरातून "अहो, काय झालं?" म्हणत आल्या. मग त्यांनी बसायचा लाकडी पाट उचलला आणि बोर्डाच्या वायरीवर जोरात हाणला. प्लग उखडून पडला आणि काका कोसळले. बर्फ घेऊन भार्गवी दारात उभी होती.

काका वाचले. पण उजव्या हातात अजून पेन धरता येत नाही. भार्गवी त्या संगणकाकडे फिरकलेली नाही. दवाखान्याच्या धावपळीत माझं काय करायचं ते कुणालाच सुचलं नाही. एक दिवस काकूंनी बादली, नळ्या आणि मला भंगारवाल्या मडिवाळप्पाच्या हातगाडीवर टाकलं. "घेऊन जा बाबा, नजरेसमोर नको," एवढंच म्हणाल्या. काय घडलं ते त्याला ठाऊक नाही. त्याने माझी ओली टेप काढून नवी चकचकीत टेप मारली आणि मला दुकानात मांडलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. कुरतडलेली वायर दिसली तर ती तोडूनच टाका. कुणाला पुन्हा जोडता येणार नाही अशी तोडा. मोडक्या पिनेचा प्लग आजच बदला. हाताला मुंग्या आल्या तर आधी मेन बंद करा, हसण्यावारी नेऊ नका. माझ्यावर एवढी दया कराच.

आज सकाळी मोडनिंबचे ज्ञानू मामा दुकानात आले होते. "पाणी चढवतंय नव्हं?" त्यांनी विचारलं.

"चढवतंय की. चालू हाय," मडिवाळप्पा म्हणाला.

"बरं झालं. कूलरचा पंप जळालाय. लेक बाळंतपणाला आलीय. उकाड्यानं बाळ झोपत न्हाय बगा."

दुसरं काहीच त्यांनी विचारलं नाही. आता मी त्यांच्या पिशवीत आहे. माझ्यावर बाळाची टोपडी आणि झबली आहेत. एसटी मोडनिंबच्या वाटेला लागली आहे.